पाव आणा, मस्कत, १३१५

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं. एकोणीस वर्षं, रुवीत,
दवाखान्यामागच्या खोलीत
लोकांच्या दाढा घडवत, घासत, रंग जुळवत.
तेच भिंग रात्री घरी आणायचो
आणि तांब्यावर धरायचो.

पाव आणा. हिजरी तेराशे पंधरा.
साल एकच, ठसे निरनिराळे:
कुठे अक्षराची शेपटी आखूड,
कुठे किनारीच्या मण्यांत एक मणी कमी.
अकरा प्रकार. अकरा सीलबंद डब्या,
प्रत्येकीवर सत्तरपैकी गुण.
एकसष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट, लालसर.
बारावीत मला याहून कमी होते,
आणि ते शंभरपैकी.

गुणांची बेरीज होते, संचांची यादी लागते.
यादीत मी दुसरा.
सात वर्षं दुसरा.

पहिला, ‘सूरवाला’. एवढंच नाव.
मला वाटायचं, गात असेल.
सूर म्हणजे मत्रहचा लवात्यांचा कोट
हे फार पुढे कळलं.
त्याचं नववं नाणं सहासष्ट, लाल,
टाकसाळीतून जणू थेट त्याच्या हातावर पडलेलं.
माझं नववं अठ्ठावन्न.
कुणाच्या तरी खिशात
आठवडाभर किल्ल्यांशी भांडून आलेलं.

बायको विचारायची, पहिल्याला काय देतात?
काही नाही. नावापुढे एक लिहितात.
मग दोन लिहिलं तर काय बिघडतं?
मुलीच्या दातांच्या तारा मी स्वतःच वळवल्या होत्या,
वाचलेल्या रियालांची पाचवी डबी आली होती.
मी काय बोलणार.

रमजानात मी त्रेसष्ट घ्यावं,
ईदेला त्यानं पासष्ट मांडावं.
सख्ख्या भावाशी माझं
इतकं नियमित बोलणं नव्हतं.

मग तो हलेना.
एक वर्ष, दोन वर्षं.
मी एकेक डबी बदलत
पाव गुणावर येऊन ठेपलो.
दमला, म्हटलं. आता गाठतोच.

मार्चमध्ये एक पोरगा आला,
दाढेसाठी नाही.
मुनीर लवाती. हातात खजुराचं खोकं,
खोक्यात अकरा डब्या.
वडील वारले, म्हणाला. दोन वर्षं झाली.

म्हणजे दोन वर्षं मी
एका मेलेल्या माणसामागे धावत होतो
आणि तो अजून पुढेच होता.

पत्ता वडिलांच्या वहीत मिळाला म्हणाला.
वहीत माझीच नाणी. तारखा, गुण.
शेवटच्या रकान्यात दोन-दोन शब्द,
त्यानं वाचून दाखवले:
चांगलं घेतलं. महाग पडलं. घाई केली.
नवव्यापुढे: अजून नाही.

आणि त्यांची खालची कवळी तुमच्याकडचीच.
मुद्दाम इथे आले होते. तुम्हाला बघायला.

म्हणजे बसला होता माझ्यासमोर,
दिव्याखाली, आ वासून,
मी रंगाची पट्टी दाताला लावून बघत होतो,
तपकिरीकडे झुकलेला, म्हणालोही असेन,
आणि त्या उघड्या तोंडातून
त्यानं शब्द बाहेर पडू दिला नाही.

नववं मी घेतलं. घासाघीस करून घेतलं.
त्याच रात्री माझ्या संचात नोंदवलं,
खोटं कशाला सांगू.
एक नाणं एकाच संचात बसतं.
त्याची नववी जागा रिकामी झाली,
तो दोनवर आला,
मी एकवर.
बायको झोपली होती. उठवलं नाही.

परत दवाखान्यात गेलो. माळ्यावरून
चोवीसशे सतरा नंबरचा ठसा काढला.
प्लास्टरची हिरडी,
पुढचे तीन दात त्याचे स्वतःचे,
कडा सपाट होईतो वापरलेले.
भिंगाखाली फिरवत राहिलो.
तळाशी माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं:
रंग जुळला.
तक्रार नाही.